भवरी व तिची होणारी पिले यांची व्यवस्था

मी, रुपाबाई बेवा प्रेमसिंग राठोड, जात बंजारा, वय पासष्टच्या पुढे (नक्की किती ते सांगणारे कोणी उरले नाही), धंदा शेती व शेळ्या, राहणार लखमा नाईकाचा तांडा, मौजे रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, आज बाजाराच्या दिवशी रिठद येथील फुलचंद किराणावाले यांच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी अक्कल शाबूत आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण माणूस ओळखण्यापुरते दिसते. मला कोणी दम दिलेला नाही. मला दम देणारा रिठदमध्ये अजून जन्मायचा आहे. हे शेवटचे वाक्य कागदात नको, असे अर्जनवीस शालिकराम यांचे म्हणणे पडले. मी म्हणाले, लिहा.

मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि शालिकराम लिहितात. त्यांची भाषा कागदाची आहे, माझी तोंडाची. पण जिथे माणसे बोलली तिथे त्यांचे बोलणे तसेच घालायचे, असे आमचे ठरले आहे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ते त्यांनी वऱ्हाडीत उतरवावे.

साक्षीला दोघांना बोलावले आहे. एक आमच्या तांड्याचे नाईक गोविंदसिंग. दुसरे रिठदचे बागाईतदार माळी रंगराव. या रंगरावांशी मी सात वर्षे बोललेले नाही आणि आजही बोलत नाही. ते पलीकडे मिठाच्या पोत्यावर माझ्याकडे पाठ करून बसले आहेत. मग यांना बोलावलेच कशाला, असे शालिकरामांनी हळूच विचारले. अशासाठी, की साक्षीदाराला सगळे ऐकून घ्यावे लागते. मधूनच उठून जाता येत नाही.

कलम एक. नाल्याकाठचे शेत आणि तांड्यातले घर माझा एकुलता एक मुलगा दौलतसिंग याला. तो वाशीमला एका जिनिंगच्या गेटवर जमादार आहे, खाकी कोट घालतो आणि सुट्टीला घरी येतो. घर पश्चिमेकडून गळते, ते गळणेही त्यालाच. शेताला एक अट आहे, ती कलम चारमध्ये सांगेन. दौलतसिंग समोरच बसला आहे. अट म्हणताच त्याने कोटाची बटणे लावली. लहानपणी मार चुकवायचा असला की तो असाच नीटनेटका व्हायचा.

कलम दोन. माझी गळ्यातली चांदीची हासळी, हातापायांतली कडी आणि कवड्या टाकून मी स्वतः भरलेली चादर माझी मुलगी बेबीबाई, राहणार अनसिंग, हिला. हासळी तिची सासू बघायला मागेल. बघायला द्यावी, हातात देऊ नये.

कलम तीन. वाडवडिलांच्या तांड्यात सगळ्यांत पुढे चालणाऱ्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा तांड्यात नवी शाळा निघाली आहे तिला. मास्तर सध्या थाळी वाजवून पोरे गोळा करतात, आणि जेवायला बोलावले समजून पोरे थाळ्या घेऊन जातात. खिळ्यांचा पट्टा मात्र कोणा माणसाला नाही. तो कुत्र्यांचा आहे आणि कुत्र्यांकडेच राहील. बिबट्या किंवा लांडगा आधी गळा धरतो, म्हणून आमच्या कुत्र्यांना बाहेरून खिळे काढलेला हा पट्टा घालतात. माझ्या आजेसासऱ्यांनी तो केनवडच्या लोहाराकडून करून घेतला. तेव्हापासून किती माना झाल्या, पट्टा तोच आहे.

आता कुत्र्यांचे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. शालिकराम म्हणाले, मृत्युपत्रात कुत्र्यांचा इतिहास बसत नाही. मी म्हणाले, सरकवून बसवा.

आमचे वाडवडील लदेणी करत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादायचे आणि मुलूखभर पोचवायचे. मुक्कामाला गोण्यांची गोल भिंत रचायची. आत बैल, बायका, पोरे. बाहेर कुत्री. वासराएवढी उंच, छातीने रुंद, मानेने जाड, केस राठ, रंगाने काळी किंवा काळ्यावर तपकिरी पट्टे. पुढे रेल्वे आली आणि लदेणी बसली. बैल नांगराला लागले, माणसे नांगरामागे लागली, कुत्र्यांना मात्र कोणी दुसरा धंदा दिला नाही. त्यांनी आपणच शेळ्या राखायला घेतल्या. पुष्कळ तांड्यांतली ही कुत्री गावच्या कुत्र्यांत मिसळून गेली. आमच्याकडे ती टिकली, कारण माझी सासू कडक होती आणि सासूनंतर मी आहे.

हा कुत्रा दिवसा झोपतो. पाहणाऱ्याला वाटते, आळशी आहे. कळप हलला की तो हलतो आणि नेहमी शेळ्या आणि परका यांच्या मध्ये उभा राहतो. भुंकणारे कुत्रे चावत नाही, अशी म्हण आहे. आमच्या कुत्र्याला ती कोणी शिकवलेली नाही. तो दोन्ही करतो, पण आधी सांगून करतो. लांडगा पळाला तर त्याच्यामागे लांब जात नाही, कारण दुसरा लांडगा मागून येतो हे त्याला कळते. शेळी व्यायला लागली की जवळ बसतो आणि करडाला कोरडे होईस्तोवर कोणाला हात लावू देत नाही, मलाही नाही. या निवडणुकीत भोंग्याची जीप तांड्यात आली तर आमची भवरी वाटेत आडवी झोपली. सगळ्या शेळ्या पलीकडे गेल्यावर उठली. उमेदवार खाली उतरून तिला हात जोडत होता. तिचे मत कोणालाच मिळाले नाही.

पण हे सगळे आपोआप होत नाही. पिलाचे डोळे उघडायच्या आत त्याला शेळ्यांच्या वाड्यात ठेवावे लागते. त्याने आधी शेळी ओळखायची, मग माणूस. त्याला मांडीवर घ्यायचे नाही, चुलीपाशी आणायचे नाही, हाताने घास द्यायचा नाही. रडले तरी नाही. ज्याला ते रडणे ऐकवत नाही त्याने कानात बोटे घालावीत.

आणि आमच्यात पिलू विकत नाहीत. ज्याला द्यायचे त्याने पिलाच्या डोक्यावर चिमूटभर मीठ ठेवायचे आणि ते आपण खायचे. लोकांना वाटते, मीठ कुत्र्याला चारायचे. नाही. कुत्रा इमानीच जन्मतो. मिठाची आठवण माणसाला लागते.

कलम चार. भवरी नावाची कुत्री आणि माझ्या सगळ्या शेळ्या माझी सून कमलीबाई, दौलतसिंगची बायको, हिला.

हे ऐकून नाईकांनी भुवया वर केल्या. कारण कमलीने काय केले ते सगळ्या तांड्याला ठाऊक आहे. ती गावात वाढलेली, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, मायाळू पोर. पौषाची थंडी होती. आमच्या सरजी कुत्रीची पाच पिले वाड्यात कुईकुई करत होती. कमलीला राहवले नाही. तिने पाचही उचलून चुलीपाशी आणली, आपल्या ओढणीत गुंडाळली आणि बोटाने दूध पाजले. मी तेव्हा बेबीच्या बाळंतपणाला अनसिंगला गेले होते. परत आले तर पिले भाकरीच्या टोपल्याभोवती पहारा देत होती. शेळी दाराशी आली की चोर आल्यासारखी भुंकत होती. त्यांतली एकटी भवरी तेवढी अधूनमधून वाड्याकडे पळून जायची.

मग लांडगे आले. सरजी एकटी उभी राहिली. तिची पोरे चुलीपाशी शेपूट हलवत बसली. तिने शेळ्या वाचवल्या, पण ती स्वतः त्या जखमांतून उठली नाही. मी तिच्याजवळ बसून रडले. नवरा गेला तेव्हा चार माणसांत रडायचे होते म्हणून रडू नीट आले नव्हते. ते त्या दिवशी आले.

कमलीला मी एक शब्द बोलले नाही. तिनेच भवरीला उचलले, वाड्यात नेले आणि आपले अंथरूणही तिथेच टाकले. सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा ती शेळ्यांत झोपली, पिलाकडे पाठ करून. पिलू अंगाशी आले की ती सरकून शेळी मध्ये घ्यायची. एकदा मी म्हणाले, "कमली, घरात ये वो, आजारी पडशीन." ती म्हणाली, "याडी, म्या तिच्याकडं पाह्यलं त तिले जवळ घेईन. म्हून पाहत नाई." आमच्यात आईला याडी म्हणतात, सून मला तेच म्हणते. जिला पिलांची सगळ्यांत जास्त माया तिने पाठ करून दाखवली. भवरी तिचीच.

बाकीच्या चार पिलांचे काय झाले ते पाहायचे असेल तर या ओट्याखाली वाकून पाहावे. तो जाड्या भवरीचा सख्खा भाऊ मोत्या. फुलचंदांच्या दुकानाची राखण करतो. उंदीर त्याच्या पाठीवरून गुळाकडे जातात.

आता अट. दौलतसिंगने आपल्या मालकाला भवरी कबूल केली आहे, गेटवर साखळीने बांधायला. मला म्हणाला, "याडी, म्या शब्द देऊन टाकला. रोज दूध-भाकर भेटन तिले. अथी शेळ्यांत काय हाये?"

मी म्हणाले, "तुले बांधलं ना त्यानं गेटवर, मंग आणखी कायले पायजे?"

ऐकले नाही. गेल्या दिवाळीनंतर तो तिला घेऊन वाशीमला गेला. भवरीने गेटकडे पाहिलेसुद्धा नाही. गळ्यातली दोरी चावून तोडली आणि वास काढत जनावरांच्या कोंडवाड्यापुढे जाऊन आडवी झाली. आत कोणाच्या तरी भटक्या शेळ्या होत्या, दोन गायी होत्या. भवरीने सगळ्यांना आपले मानले. जनावर आत घालायला कोणी आले की वाट देई, बाहेर काढायला आले की दात दाखवी. ज्यांच्या शेळ्या ते रस्त्यावर, आणि शेळ्या आत सुखरूप. शेवटी लोक जिनिंगवर जमले, "अबे जमादार, तुही कुत्री ने बाप्पा!" पण ती दौलतसिंगला ऐकते कशाला? त्याला कोणाची तरी एक शेळी मागून आणावी लागली. पुढे शेळी, शेळीची दोरी धरून खाकी कोटातला माझा मुलगा, मागे भवरी, अशी वरात वाशीमहून रिठदला आली. वाटेत ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात.

तरी अजून त्याच्या मनातून गेट जात नाही. मी गेल्यावर तो पुन्हा नेईल, ही मला भीती आहे. अशी कुत्री आमच्याकडे आता ही एकच उरली. ती साखळीला गेली तर हे कुळ संपले. म्हणून लिहा: भवरीच्या किंवा तिच्या पिलाच्या गळ्यात दौलतसिंगने साखळी घातली तर त्याच दिवशी नाल्याकाठचे शेत बेबीबाईचे. दौलतसिंगने ऐकले आहे. विचारल्यावर "बरं" म्हणाला. मोठ्याने म्हण म्हटल्यावर मोठ्याने म्हणाला.

कलम पाच. हे रंगरावांसाठी.

माझे मालक प्रेमसिंग आणि हे रंगराव यांचा भारी जिव्हाळा होता. पेरणीआधी आमच्या शेळ्या खतासाठी यांच्या मळ्यात बसायच्या, आणि हंगामभर यांची वांगी, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळे आमच्या घरी यायचे. मालकांनी यांना हिरा नावाचा कुत्रा दिला. तेव्हा यांनी त्याच्या डोक्यावरचे मीठ खाल्ले, मी पाहिले. पुढच्याच वर्षी मालक गेले. आणि मग एकदा मळ्यावरून जाताना पाहते, तर हिरा मोटेच्या खांबाला साखळीने बांधलेला. शेळ्यांचा राखणदार वांगी राखतो! वांगी कोणता लांडगा खातो? मी आत गेले आणि साखळी सोडली. रंगरावांच्या घरी त्या दिवशी पाहुणे होते. पंगतीसमोर सोडली. ते सांगायला मला आजही लाज नाही.

सुटलेल्या हिऱ्याने काय करावे? त्याने रंगरावांच्या सगळ्या शेळ्या गोळा केल्या आणि जिथे तो जन्मला त्या आमच्या वाड्यात आणून घातल्या. त्याच्या हिशेबाने ती जागा जास्त बरी. सांजच्याला रंगराव पोलीस पाटलाला घेऊन तांड्यात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चोर हाये ही बाई."

तांड्यातल्या माणसाला हा शब्द कसा लागतो ते गावातल्या माणसाला कळत नाही. आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याचे धान्य मुलूखभर वाहिले, गोणी फोडली नाही. तरी गावात काही हरवले की आधी तांड्याकडेच पाहतात. मी वाड्यात शिरले. त्यांच्या शेळ्या वेगळ्या करून दिल्या. हिरा शेळ्यांमागे त्यांच्याकडे परत गेला. मी म्हणाले ना, तो शेळ्यांचा. त्या दिवसापासून बोलणे बंद, खत बंद, वांगी बंद. मी वांगी केनवडच्या बाजारातून आणते. त्यांत बियाच बिया असतात.

पण हेही लिहा, की त्यानंतर हिऱ्याच्या गळ्यात साखळी मी कधी पाहिली नाही. मी रोज पाहत होते.

तर कलम असे: रंगरावांनी मला दिलेला 'चोर' हा शब्द मी सात वर्षे सांभाळला. आता वय झाले, ओझे होते. तो मी त्यांचा त्यांना परत देते. त्यांनी तो आपल्या घरी न्यावा. माझ्या नातवंडांच्या वाट्याला तो यायला नको.

कलम सहा. भवरी गाभण आहे. पिलांचा बाप कोण हे तांड्याला आणि रिठदला दोघांनाही ठाऊक आहे. माणसांचे भांडण झाले होते. भवरीला आणि हिऱ्याला कोणी कळवले नव्हते. हिरा या संक्रांतीच्या सुमाराला म्हातारा होऊन गेला. त्याला मळ्यात पुरले, असे ऐकले. मला जायचे होते, पण बोलणे नसलेल्या घरी जावे कसे? म्हणून मी नाल्याच्या अलीकडूनच पाहिले.

पिले होतील त्यांतली एक मादी आणि एक नर कमलीकडे राहील. एक बेबीला अनसिंगला. एक नाईकांना देणार होते, पण ते साक्षीदार. साक्षीदाराला कागदात काही देऊ नये, तसे केले तर पुढे तंटा निघतो, असे शालिकराम सांगतात. म्हणून नाईकांना नाही आणि रंगरावांनाही नाही. बाकीची पिले कमली देईल त्याला, मीठ खाईल त्याला.

इथपर्यंत लिहून झाले. नाईकांनी सही केली. शालिकरामांनी टाक रंगरावांपुढे धरला. पुढचे जे झाले तेही कागदात घ्या, असे मी सांगितले, आणि शालिकरामांनी कपाळाला हात लावून नवा कागद घेतला.

रंगरावांनी टाक घेतला नाही. तसेच पाठ करून म्हणाले, "म्या सही करत नाई."

शालिकराम म्हणाले, "काहून? सगळं तर ऐकलं तुमी."

"ऐकलं म्हून त करत नाई. सही केली त पिलू नाई भेटत ना मले. दुसरा साक्षीदार पाहा."

मग ते पोत्यावरून उठले आणि सात वर्षांनी माझ्याकडे तोंड केले. माणूस म्हातारा झाला आहे. मिशा पार पांढऱ्या. म्हणाले, "वयनी, तो शब्द माहाच होता. चूक माही होती. घेतला म्या वापस, सगळ्यायच्या समोर घेतला, लिहून घ्या. साखळी म्या तवाच विहिरीत टाकली. हिरा गेल्यापासून मळ्यात जाववत नाई मले. त्याचं एक पिलू दे."

मी उत्तर दिले नाही. सवय मोडायला वेळ लागतो. भवरी ओट्यासमोरच होती. भवरी सगळ्यांना दाखवायची म्हणून कमलीने तिच्याबरोबर चार शेळ्या बाजारात आणल्या होत्या, त्यांच्याशिवाय ती येत नाही. रंगरावांनी ज्या पोत्यावर बसले होते त्यातलेच चिमूटभर मीठ घेतले आणि खाली उतरले. भवरी उठली, शेळ्यांच्या आणि त्यांच्या मध्ये आली, जशी येते तशी. तिने त्यांच्या धोतराचा वास घेतला, हातांचा घेतला, बराच वेळ घेतला. त्या हातांना हिऱ्याचा वास अजून असेल. मग ती खाली बसली. पिले अजून पोटात आहेत, म्हणून रंगरावांनी मीठ आईच्याच डोक्यावर ठेवले आणि वाकून, जिभेनेच, तिथले तिथे खाल्ले. भर बाजारात, रिठदचा बागाईतदार. दौलतसिंगने ते पाहिले आणि कोटाची बटणे सोडली.

तेव्हा मी बोलले. म्हणाले, "डोये उघडाच्या आंधी घेऊन जाजो. अन् चुलीपाशी आणलं त याद राख."

ते म्हणाले, "मले शिकवतं का वयनी? अन् शेळ्या कवा बसवतं मळ्यात? सात साल झाले, जमीन उपाशी हाये माही."

शालिकराम विचारतात, याचे कलम करायचे का. नको. हे मी जिवंतपणीच करणार आहे.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे. मरायची मला घाई नाही, आधी भवरी विऊ दे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: रुपाबाई बेवा प्रेमसिंग राठोड

मुक्काम रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. माघ महिना, तारीख १८ फेब्रुवारी १९५७.

दस्त लिहिणार: शालिकराम, अर्जनवीस. मजकूर बाईंच्या सांगण्याबरहुकूम. माझा इलाज नव्हता.

साक्षीदार:

१. गोविंदसिंग, नाईक, लखमा नाईकाचा तांडा. सही.

२. रंगराव, बागाईतदार, मौजे रिठद. हे नाव खोडले. कारण: यांना पिलू मिळणार आहे.

२. फुलचंद, किराणावाले, मौजे रिठद. सही. यांना पिलू नको, यांच्याकडे मोत्या आहे.